घंटीपुरती बिजली

संस्थानच्या वीजघरातलं इंजिन मोडलं होतं. पौष लागला तरी देवासात बिजली नव्हती. गल्लीला त्याचं काही वाटलं नाही. दारावर बिजलीची घंटी एकट्या भैयासाहेबांच्याच होती.

भैयासाहेबांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत पाणी भरलं, कल्हईवाल्याकडचा नवसागर विरघळवला, त्यांत जस्ताच्या आणि कोळशाच्या कांड्या सोडून घंटीच्या तारा जोडायला घेतल्या.

"घंटी मुकी झाली, म्हणून कोणी फिरकत नाही. उद्या संक्रांत आहे, जानकीबाई."

स्वयंपाकाची जानकीबाई परात पुसत म्हणाली, "पण दाराला कडी तर आहे ना, भैयासाहेब?"

भैयासाहेब तारा पिळत राहिले.

संक्रांतीला सकाळपासून ते पगडी घालून, तिळगुळाची वाटी घेऊन बैठकीत बसले. दुपार कलली. जानकीबाई काम आटोपून रोजच्यासारखी मागच्या दाराने घरी गेली.

आणि घंटी खणखणली.

"जानकीबाई, ऐकलं का? आलं कोणीतरी!" ती गेल्याचं विसरून भैयासाहेब ओरडले. वाटी सांभाळत धावले. दार उघडलं.

डोक्यावरचा पदर सारखा करत जानकीबाई उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या दारात.

"छान वाजते हो," ती म्हणाली, आणि तिने तिळगुळासाठी हात पुढे केला.