काटा अर्ध्यावर

"अर्धी आहे टाकी. निवांत बसा."

बाबांचा हा आवाज तीस वर्षं तिच्या कानात होता. घाट चढताना जुनी व्हॅन खोकायची, मागे आईने बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे एकमेकांवर डोकी आपटायचे आणि बाबा मान न वळवता म्हणायचे, "अर्धी आहे."

आज त्याच घाटात ती गाडी चालवत होती. गाडी कंपनीची, अजून बाजारात न आलेली, विजेवरची. चाकांखाली खडी कुजबुजत होती, बाकी आवाज म्हणून नव्हता. बाबा शेजारी परीक्षेला बसल्यासारखे ताठ. आई मागे, मांडीवर तिची कापडी पिशवी. बांधणीचं काम सुटलं तरी पिशवी सुटली नव्हती.

"सुरू आहे ना गं?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बाबा, आपण चढतोय."

"चढतोय खरं. पण कुणी ओढतंय असं वाटत नाही. डोंगरच खाली चाललाय जणू."

"जीव दडपतो नाही?" आई म्हणाली. "एवढं बळ आणि हूं की चूं नाही."

समोरच्या पडद्यावर काय दिसावं, हे ठरवणं मुलीचं काम. आज दुपारी दोनच्या आत तिला कळवायचं होतं की उरलेली बॅटरी टक्क्यांत दाखवायची की किलोमीटरमध्ये. साहेबांना किलोमीटर हवे होते, तेही हळूहळू उतरणारे, धीर देणारे. किलोमीटर म्हणजे गाडीचा अंदाज. चढ लागला की गडगडणारा. साहेब म्हणत होते, त्याला जरा गोड करा. तिला टक्के हवे होते. जेवढं आहे तेवढं, उघडं. नाही म्हटलं तर कागदावर दुसऱ्याची सही होणार होती, आणि तिची खुर्चीही त्याच्याकडे जाणार होती.

"मला खरं दाखवायचंय," ती म्हणाली. "आपल्या व्हॅनच्या काट्यासारखं."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"त्यावरची काच पडलेली, काटा उघडाच. पण खोटं नाही बोलला कधी. म्हणून तर आई घाबरायची नाही."

बाबांचं 'अर्धी आहे' सुरू व्हायच्या आधी एकदा, मुलगी सहा वर्षांची असताना, ह्याच घाटात काटा तळाला गेला होता. तो बघूनच आईला अशी धाप लागली की गठ्ठे रस्त्यावर उतरवून तिला व्हॅनमध्ये आडवं करावं लागलं. ओठ निळे पडले होते. त्यानंतर काटा कधी खाली गेलाच नाही. बाबा जपून चालवायला लागले. प्रत्येक थांब्यावर काठी घेऊन उतरत, टायर ठोकून बघायला. उतार लागला की इंजिन बंद करत, आईला डुलकी लागावी म्हणून.

"बाबांनाच विचार," मागून आई म्हणाली. "काट्याचं त्यांना जास्त ठाऊक."

चढ वाढला. तिने पडद्यावर दोन्ही आकडे आणले. किलोमीटर बासष्ट होते, ते एका वळणात एकेचाळीस झाले, पुढच्या वळणात एकोणीस. शेजारी टक्के सावकाश उतरत होते. नऊ. आठ. सात.

बाबांनी कपाळ पुसलं. "पोरी, पोहोचू ना?"

"पोहोचू."

"हिला तो आकडा दिसतोय का तिथून?"

तिने आरशात पाहिलं. आई दरीकडे बघत काहीतरी गुणगुणत होती.

माथ्यावर पाच टक्के उरले. मग रस्ता खाली वळला. दरी एकदम उघडली. ऊन, झाडांचे शेंडे, तळाशी नदीची रेघ. गाडी पाण्यावरून घसरावी तशी उतरू लागली. पाच तसेच राहिले. मग सहा झाले.

बाबा पुढे वाकले. "हे वर चाललंय."

"उतारावर गाडी स्वतःच भरून घेते, बाबा. चाकं फिरतात, त्यातून वीज परत येते."

सात.

"डोंगर परत देतो?"

"थोडं."

बाबांनी तळहात पडद्याखाली टेकवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी उतारावर गाडी बंद करायचो," ते म्हणाले.

"आईच्या डुलकीसाठी."

"थेंब वाचवायला. गाडी बाजूला घे जरा."

तिने घेतली. गाडी उभी राहिली, तरी पूर्वीइतकीच शांत.

"तुझी सही व्हायच्या आत सांगतो. तो काटा खरा नव्हता. मी चिकटवला होता, अर्ध्यावर. हिच्याच डब्यातली खळ, पुठ्ठ्याला लावायची. बोटभर घेतली. टाकीत किती आहे ते काठी बुडवून बघायचो. टायर कसले ठोकतोय." ते मागे वळले नाहीत. "हिचे ते ओठ मला पुन्हा बघवले नसते."

मुलीचे हात स्टिअरिंगवरच राहिले. पडद्यावर दोन्ही आकडे उजळत होते.

"चौदा वर्षं टिकला," बाबा म्हणाले, आणि आवाजात नकळत थोडा अभिमान आला. "एकदा चिकटवला तो चिकटवला. खळ पक्की होती हिची."

मागे पिशवीची चेन वाजली. आईने आतला छोटा डबा चाचपून पाहिला, इतक्या वर्षांची सवय.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खळ उन्हात सुटते. पहिल्याच उन्हाळ्यात काटा तळाला पडला होता. दर वर्षी पडायचा. तुम्ही काठी घेऊन उतरलात, की मी परत चिकटवायचे."