राखाडी डाग

उपग्रहाच्या या फोटोंत जिवंत झाडं लाल दिसतात आणि मेलेली राखाडी. जंगलात राखाडी डाग उमटला, तेव्हा फोटो तपासणाऱ्या बापूंनी तिथल्या वनरक्षकाला फोन लावला.

"सगळं हिरवंगार आहे, साहेब. पानसुद्धा हलत नाही."

एरवी थट्टेशिवाय न बोलणारा तो माणूस आज पाठ केलेला धडा म्हणावा तसं बोलला.

पाच दिवसांनी नवा फोटो आला. डाग नदी ओलांडून थेट बापूंच्या अंगणापर्यंत पोचला होता. घरी लेक एकटीच होती. सकाळीच ती ओरडली होती, "बाबा, डबा विसरलात!"

बापूंनी घरी फोन लावला. "बाळा, अंगणातलं झाड कसं आहे गं?"

"सगळं हिरवंगार आहे, साहेब," लेक म्हणाली. "पानसुद्धा हलत नाही."