दुसरी किल्ली

थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी किल्लीवाल्याला दुकानाचा मालक म्हणाला, "गाळा विकतोय. पहिला हक्क तुझा. दोन वर्षं थांबतो. त्यापुढे मला दोष देऊ नकोस."

गाळा तो केवढा! दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. पण किल्लीवाल्याचा जन्म तिथे किल्ल्या घासण्यात गेला होता. गाळा गेला असता तर हातातला धंदाच गेला असता.

लग्न महिन्यावर आलं असताना तो बायकोला घेऊन बँकेत गेला. कर्ज देणाऱ्या बाईंनी पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअर सहाशेच्याही खाली आहे. साडेसातशे तरी हवा."

"मी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही!"

"तुम्ही नाही. तुमच्या भावानं टेम्पोचे हप्ते चुकवलेत. जामीनदार तुम्ही."

"म्हणजे परीक्षेला बसला तो आणि नापास मी?"

"सही तुमची आहे ना! कर्ज घेणारा पळाला, बुडाला, मेला, की बँक उरलेल्या सगळ्या कर्जासाठी जामीनदाराचंच दार ठोठावते. मग त्याला नवं कर्ज कोण देणार? आणि काका, या आठवड्यात आणखी चार बँकांत अर्ज केलेत?"

"एक किल्ली लागली नाही की दुसरी लावून बघतो. धंदाच तो आमचा."

"इथे प्रत्येक किल्लीचा ओरखडा उठतो. माणूस पैशासाठी वणवण करतोय असं दिसतं. आता कुठेही अर्ज करू नका. कार्ड थोडंच वापरा, बिल तारखेच्या आत भरा. आणि टेम्पोचा हप्ता यापुढे एकदाही चुकू देऊ नका. स्कोअर सावकाश चढतो, पण चढतो."

बायको सगळं मन लावून ऐकत होती.

किल्लीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. घर येईपर्यंत त्यानं आपला स्कोअर चहावाल्याला सांगितला, न्हाव्याला सांगितला आणि रस्ता विचारायला थांबलेल्या एका परक्या माणसालाही सांगितला.

"लोक दुखणं झाकतात, तुम्ही मिरवता," बायको म्हणाली. "उद्या बँकेला सांगू नये तेही बँकेला सांगून याल."

"खोटं कशाला बोलायचं?"

"खोटं कोण म्हणतंय? गप्प बसायलाही यावं लागतं माणसाला."

भाऊ दूरच्या गावी राहायचा. उंच इतका, की सगळे त्याला खांबच म्हणत. टेम्पो चालवताना गुडघे स्टिअरिंगला घासायचे. या दोघा भावांना तिसरं भावंड नव्हतं, जवळचं नातलगही कुणी उरलं नव्हतं. किल्लीवाल्यानं त्याला फोन लावला.

"दादा, गाडी उभी होती रे. मला जरा अंगात–"

"कारणं नकोत. हप्ते भर, मग तोंड दाखव. तोवर लग्नालाही येऊ नकोस."

खांब लग्नाला आला नाही.

लग्न पार पडलं. त्याच आठवड्यात बायको शिणवटा काढायला म्हणून बहिणीकडे गेली ती पंधरवड्यानं परतली. हातातल्या सोन्याच्या बांगड्या नव्हत्या.

"बहिणीला नड होती," ती म्हणाली. बहीण तिची, बांगड्या तिच्या. किल्लीवाल्यानं जास्त विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात टेम्पोचे थकलेले सगळे हप्ते भरले गेले. मग दर महिन्याला, तारखेच्या आत.

"बघ, माझा शब्द लागला त्याला," किल्लीवाला म्हणाला.

"हप्ते जाताहेत ना? झालं तर मग."

त्यानंही बाईंचं सांगणं पाळलं. कोऱ्या किल्ल्यांचा माल तेवढा कार्डावर घ्यायचा आणि बिल आलं की भरून मोकळं व्हायचं. स्कोअर हळूहळू चढू लागला. प्रत्येक वेळी खांबाला फोन करावासा वाटायचा, पण मोठेपणा आडवा यायचा. एकदा केलाच, तर भावजयीनं उचलला.

"दादा, गाडी भाड्यावर निघालीय. मागाहून बोलू."

"खांबाला म्हणावं, शाबास."

पलीकडे टेम्पोचं दार लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं."

दोन वर्षं भरत आली तेव्हा स्कोअरनं साडेसातशे ओलांडले. कर्ज मिळालं, गाळा नावावर झाला. किल्लीवाल्यानं दाराला नवं कुलूप बसवलं आणि त्याच्या दोन किल्ल्या केल्या. दुसरी जरा जास्तच वेळ घासली, कडा बोटाला लागू नयेत म्हणून.

"ही खांबाची," तो बायकोला म्हणाला. "त्यानं हप्ते सांभाळले म्हणून गाळा राहिला. मोठा असलो म्हणून काय झालं, मीच जातो. पाया पडायला लावलं तरी पडेन."

बायकोनं हातातलं काम खाली ठेवलं.

"कर्जाचं सगळं पक्कं झालं ना? आता बँकेला मागे घेता येत नाही?"

"पैसे मालकाच्या खिशात गेलेसुद्धा."

"मग चला. मी येते."

वाटेत बसमध्ये तो किल्ली बोटाभोवती फिरवत बोलत राहिला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

अंगणात टेम्पो उभा होता, नुकताच धुतलेला. भावजय बादली घेऊन मागून पुढे आली. ठेंगणी बाई, जेमतेम किल्लीवाल्याच्या खांद्याला लागेल एवढी. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हा कुठाय? लपला का?" म्हणत किल्लीवाल्यानं टेम्पोचं दार उघडलं आणि आत चढायला गेला. गुडघा खाडकन आपटला. सीट पार स्टिअरिंगपर्यंत पुढे ओढलेली होती. बसायला जाड उशी, पाठीला दुसरी.

"अगं, एवढ्याशा जागेत खांब मावतो कसा?" तो हसत म्हणाला.

भावजयीनं बादली खाली ठेवली. तिच्या तळहातांवर घट्टे पडले होते.

खांब थोरलीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी वारला होता.