बिनखताचा पट्टा

चौऱ्याहत्तर साली मंगळवेढ्याच्या महिपतीच्या रानात संशोधनवाल्या साहेबांनी ज्वारीसाठी शेजारी-शेजारी दोन पट्टे आखले. एकाला सरकारी खत, दुसऱ्याला काहीच नाही; फरक गावाला दिसावा म्हणून दोन्हींवर तशा पाट्याही रोवल्या.

"एका लेकराला तूप आन् दुसरं उपाशी व्हय?" म्हणत महिपतीच्या बायकोनं, बजाबाईनं, उपाशी पट्ट्यात गुपचूप लेंडीखत ओतलं.

आता बिनखताची ज्वारीच हातभर वर निघाली, आणि साहेब मोजायला आले. सरकारी प्रयोग नासला, बेड्याच पडणार, असं महिपतीनं धरूनच ठेवलं.

साहेबांनी टेप लावला. पुन्हा लावला. घाम पुसून चहूकडं पाहिलं.

 

"महिपतराव," ते कुजबुजले, "उद्या दिल्लीचे मोठे साहेब येतायत. ह्या दोन पाट्यांची अदलाबदल करायला जरा हात लावा की!"