शून्याचा स्क्रू

टँकरच्या कागदावरचं नाव वाचलं आणि लॅबमधल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या कारखान्यात हाच माणूस त्यांचा साहेब होता. पाक बिघडवला याने, आणि मालकासमोर बोट दाखवलं बाईंकडे: हिनेच यंत्राचा स्क्रू फिरवला. बाईंची नोकरी गेली. पुढे दोन वर्षं कुठल्याही लॅबने त्यांना दारात उभं केलं नाही.

आता तो साखरेचा पाक विकत होता आणि पाक मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर बाईंच्या टेबलावर होतं. काचेवर दोन थेंब टाकायचे, भिंगातून बघायचं, सावलीची रेघ कुठल्या आकड्यावर येते ते लिहायचं. चौसष्ट ते सहासष्ट म्हणजे माल पास. कमी भरला तर पातळ, जास्त भरला तर दाट, दोन्ही परत. त्याचे दोन टँकर आधीच परत गेले होते. तिसरा गेला की कंत्राट खलास.

त्याने मालासोबत पाठवलेल्या दाखल्यावर पासष्ट होतं. बाईंनी दार लोटलं. रोज सकाळी काचेवर साधं पाणी टाकून ज्या स्क्रूने बाई रेघ शून्यावर आणत, तोच त्यांनी उलटा फिरवला. रेघ दोन घरं खाली सरकली. आता पासष्टाचे त्रेसष्ट दिसणार होते. बाईंना लाज वाटली नाही. दुखरी दाढ उपटल्यासारखं बरं वाटलं.

तो आत आला. "अगं, तू! अजून भिंगालाच डोळा लावून बसलीस?"

"तुमच्यासमोरच मोजू," बाई म्हणाल्या. "आमच्या साहेबांनाही बोलावते. मागाहून कटकट नको."

थेंब पडले. साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं. "पासष्ट. पास!"

बाईंनी घाईने डोळा लावला. पासष्टच. साहेबांनी सही ठोकली आणि बाहेर टँकरला पाइप लागला.

"तुझ्या हाताला गुण आहे हो!" तो हसत निघून गेला.

बाईंनी काच पुसली. पाण्याने रेघ पुन्हा शून्यावर आणली आणि तोच पाक परत टाकला. सदुसष्ट. माल दाट होता, दाखला खोटा होता. धावत जाऊन सांगावं, तर स्क्रू कोणी फिरवला तेही सांगावं लागणार. खिडकीबाहेर टँकर रिकामा होत होता.

बाईंनी आज नुसतं रोजचं काम केलं असतं, तरी तो संपला असता.