नाव ठेवायला जागा

आईने त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, असा दिवस आजवर उगवला नव्हता. मीठ कमी, आच जास्त, काहीतरी निघायचंच. तिची बोलणी खात खात पोरगा सहलीच्या मोठ्या जहाजावर मुख्य आचारी झाला, तरी सुट्टीत घरी त्याने केलेलं ती कधी मुकाट्याने जेवली नाही.

त्याच्या नोकरीच्या बारा वर्षांत ती पहिल्यांदाच जहाजावर आली. पण आता भटारखान्यातली तासन्‌तास उकळणारी पातेली गेली होती, निम्मी माणसं कमी केली होती. सूप गोठवलेल्या पिशव्यांतून यायचं. कात्रीने पिशवी कापायची, गरम करायचं, वाढायचं. यादीबाहेर काही रांधायचं नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती. अगदी आईसाठीसुद्धा.

जेवणघरात लोक नाकं मुरडत होते. वीस टेबलांमागे एकच वाढपी धावत होता, त्याला हाका मारून सगळे वैतागले होते. आईपुढची वाटी मात्र चाटूनपुसून साफ होती. बोलणी खायच्या तयारीनेच तो तिच्याजवळ गेला.

"कसं होतं?"

"छान होतं."

"मीठ?"

"बरोबर होतं."

"आई, खरं सांग ना. एकही चूक नाही?"

तिने हातरुमालाने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"तू केलं असतंस, तर काढली असती रे."