गप्प बसायचा धडा

डॉ. किर्तीनं मोबाइलचा स्पीकर लावला, फोन धोंडिबांच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. फोनवर पुण्याहून शालन मॅडम होत्या. अंबरनाथच्या या दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरांना त्या दर गुरुवारी दुपारी फोनवरून पॅलिएटिव्ह केअर शिकवत. म्हणजे रोग हटणार नसला तरी दुखणं कसं हटवायचं ते. छापील धडे टपालानं येत. आज किर्तीची परीक्षा होती आणि मॅडम नुसत्या ऐकणार होत्या. धोंडिबांनी त्याला मानेनंच होकार दिला होता.

किर्ती हुशार खरी, पण एका धड्यापाशी तिचं घोडं कायम अडायचं. मॅडम शिकवता शिकवता मुद्दाम गप्प व्हायच्या, की ही लगेच म्हणायची, "हॅलो मॅडम, आवाज येतोय ना?" लाइन चालूच आहे, मी गप्प बसायला शिकवतेय, असं मॅडमनी किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. फोनवर शांतता म्हणजे लाइन कटली, ही सवय रोग्यापुढेही सुटत नव्हती. रोगी जरा थांबला की ही बोललीच.

धोंडिबा वांगणीचे. आनंदनगरच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता पोटातला कॅन्सर सगळीकडे पसरला होता. राउंडला कुणीही विचारलं तरी ते 'बरं हाय' म्हणत. किर्तीनं मात्र त्यांना उशीत दात रोवून पडलेलं पाहिलं होतं. त्या 'बरं हाय'वर विसंबून उद्या त्यांना साध्या गोळ्या देऊन घरी सोडणार होते.

"मामा, उद्या घरी जायचं. मनात काय आहे?"

"बरं हाय."

किर्ती गप्प बसली. जीभ दोनदा वळवळली, तिनं ती दाताखाली धरली. बाहेर नळावर धोंडिबांची बायको बनूबाई त्यांचा डबा घासत होत्या. धोंडिबांनी फोनकडे पाहिलं, मग छताकडे, मग बराच वेळ हिच्याकडे.

"दुखतंय," ते म्हणाले. "लय दुखतंय. पन बोललो तर मुंबईला नेऊन परत कापतील. मला घरी मरायचंय."

किर्तीनं त्यांचा हात धरला. आता कापून उपयोग नाही, ते कुणीही करणार नाही, हे तिनं सरळ सांगितलं. पण दुखणं घरीसुद्धा थांबवता येतं. त्याचं खरं औषध मोठ्या डॉक्टरांकडून आजच लिहून घेते आणि ते हातात पडल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही, असंही सांगितलं. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

मग ती ऐटीत स्टुलाकडे वळली. "मॅडम, ऐकलंत?"

उत्तर नाही. हाही धडाच असणार, म्हणून ती थांबून राहिली.

धोंडिबा हसले. आठ दिवसांत पहिल्यांदाच. "त्यो कवाच बंद पडला, डॉक्टरीणबाई. तुम्ही गप बसल्या तवाच."

फोनची बॅटरी संपली होती.

"मग सांगायचं नाही का, मामा?"

"कशाला? तुम्ही ऐकत होत्या ना."